दाराबाहेरच्या अकराजणी

क्लोव्हिस द्यूमाँ चाळीस वर्षं बटाट्याचा इन्स्पेक्टर होता. सरकारी नोकरी. शेतकऱ्याच्या कोठारात जायचं, ढिगात हात घालून शंभर बटाटे काढायचे, एकेक मधोमध कापायचा आणि आतून पोकळ निघतील ते मोजायचे. पाचापर्यंत माल बियाण्याचा. सहावा निघाला की तोच माल चिप्सच्या कारखान्याला, निम्म्या भावात. एका वर्षी त्याच्या थोरल्या भावाच्याच मालात सहा निघाले. भाऊ म्हणाला, "अरे, हा सहावा नीट बघ तरी. पोकळ कुठाय? नुसता डाग आहे." क्लोव्हिसनं चष्मा पुसला, बटाटा उजेडात नेऊन बघितला आणि कागदावर सहाच लिहिले. भाऊ तीन वर्षं त्याच्याशी बोलला नाही. नाताळच्या जेवणाला एकाच टेबलाशी बसायचा आणि मीठ हवं असलं की बायकोला सांगायचा, "त्या साहेबांना म्हणावं, मीठ इकडे सरकवा."

यंदा मार्चमध्ये जे झालं त्यानंतर गावात जो तो म्हणतो की क्लोव्हिसला एवढं कळायला हवं होतं. मी चव्वेचाळीस वर्षं त्याच्या शेजारी राहते. कळायचं ते त्याला नेहमीच कळतं. अडचण ती नव्हती. म्हणून माझ्या रोजच्या वहीत तुकड्या-तुकड्यानं जे लिहिलं होतं ते आज सलग लिहून काढते.

आमचं सेंत-ओदिल अमेरिकेतल्या मेन राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, नदीकाठी. नदीपलीकडे सेंत-कोलेत; तो कॅनडा. मध्ये हिरवा लोखंडी पूल. दोन्हीकडे आडनावं तीच, फ्रेंच तीच, कुट्टूच्या पिठाची प्लोय म्हणतो ती धिरडीही तशीच. क्लोव्हिसची बायको आल्व्हिन पलीकडची. लग्नाच्या दिवशी बापाची गाडी चालू होईना म्हणून पांढऱ्या झग्यात पुलावरून चालत आली. फाटकावरच्या शिपायानं विचारलं, "जकातीसाठी काही जाहीर करायचंय?" तर तिचा बाप म्हणाला, "हो. ही फार बोलते."

आता बोलताना तिला मध्ये थांबावं लागतं. बटाट्याच्या कोठारातल्या धुळीनं छाती गेली. तीन वर्षांपासून नाकात नळी, आणि खोलीभर फिरता येईल एवढ्या लांब नळीच्या दुसऱ्या टोकाला ऑक्सिजनचं यंत्र. घर नव्वद वर्षांचं, लाकडी, नदीकाठच्या सखल जागेवर. जिन्यावरून तिला एकट्यानं उतरवणं क्लोव्हिसला आता झेपत नाही. तो सत्त्याहत्तरचा आहे. यंत्र बसवायला आलेल्या माणसानं घर बघून स्पष्ट सांगितलं होतं, "इथे आग लागली तर तुमच्याकडे सहा मिनिटं आहेत."

सहा मिनिटांत आमच्या गावचा बंब येत नाही. गाडी एकोणीसशे एक्याण्णवची, आणि ती चालवणारी माणसं दिवसा पन्नास किलोमीटरवर कामाला. सेंत-कोलेतचा बंब चार मिनिटांत येतो. एकोणीसशे बासष्टपासून करार होता: भोंगा वाजला की पुलाची दोन्ही फाटकं उघडायची, कागद विचारायचे नाहीत, ज्याचा बंब जवळ त्यानं जायचं. पलीकडच्या बंबाचा कप्तान ओनेझिम, म्हणजे आल्व्हिनचा धाकटा भाऊ. भोंगा वाजला की ती खिडकीशी जाऊन घड्याळ बघायची आणि त्याला फोनवर चिडवायची, "आज पावणेपाच मिनिटं लागली. म्हातारा झालास."

आता रेनाल सिरवा. त्याच्याबद्दल वाईट लिहिणं मला सोपं जात नाही. बर्फावर चालणाऱ्या स्कूटरी दुरुस्त करण्याचं त्याचं दुकान आहे. माझा नवरा ऑरेल हॉस्पिटलात होता तेव्हा आमचं बर्फ उडवायचं यंत्र रेनालनं नेलं, दुरुस्त करून आणून दिलं, आणि पैसे काढले तर म्हणाला, "देल्व्हिनामावशी, ते चर्चमधल्या मेणबत्तीला घाल." रोज संध्याकाळी दुकानातून तो फोनच्या कॅमेऱ्यासमोर बोलायचा आणि गाव बघायचं. कागदाची गिरणी बंद झाली, तुम्हाला कुणी विचारलं? शाळा बंद केली, तुम्हाला कुणी विचारलं? खरंच कुणी विचारलं नव्हतं. म्हणून ऐकताना बरं वाटायचं. आपल्या दुखण्याचं नाव कुणीतरी मोठ्यानं घेतंय असं वाटायचं.

मग टीव्हीवर सीमेची भाषा सुरू झाली, जकातीची, आणि रेनालच्या दुकानातही ती आली. पुलावर नवे दिवे लागले, नवे शिपाई आले, त्यांना आमची नावं नीट म्हणता येईनात. त्यातच रेनालनं बासष्ट सालचा तो कागद शोधून काढला. खाली तीन सह्या, तेव्हा गावानं निवडलेल्या तीन कारभाऱ्यांच्या. गावसभेपुढे तो करार कधी आलाच नव्हता. रेनालनं कागद फोनसमोर धरला. "परक्या देशाच्या गणवेशातली माणसं कुऱ्हाडी घेऊन तुमच्या घरात शिरतात आणि सीमेवर त्यांना कुणी हटकत नाही. तुम्हाला कुणी विचारलं?"

यातला शब्द न् शब्द खरा होता. घराला आग लागलेली असते, एवढंच तो सांगत नव्हता.

करार मोडायचा ठराव गावसभेच्या पत्रिकेत सत्ताविसावा लागला.

आमच्याकडे मार्चमधल्या एका सोमवारी सगळं गाव बंद शाळेच्या व्यायामशाळेत जमतं आणि वर्षाचा कारभार हात वर करून ठरवतं. सभाध्यक्ष सकाळीच निवडतात. एकतीस वर्षं क्लोव्हिसच. अध्यक्षानं कोणत्याही ठरावावर आपलं मत सांगायचं नाही. सांगायचं असेल तर हातोडा दुसऱ्याच्या हाती देऊन खाली येऊन बसायचं.

आदल्या शनिवारी मी बीन्स भिजत घालून त्यांच्याकडे गेले होते. आल्व्हिन त्याला म्हणत होती, "यंदा खुर्चीत बसू नकोस. खाली बस आणि बोल. सहा मिनिटांचं सांग."

"मी खाली बसलो तर खुर्चीत कोण बसेल?"

"कोण?"

"गास्पार." गास्पार म्हणजे रेनालचा मेहुणा.

ऑरेल माझ्याबरोबर होता. तो म्हणाला, "गास्पार दुसऱ्याचं ऐकत नाही असं म्हणतात ते चूक आहे. तो स्वतःचंही ऐकत नाही."

"म्हणजे," आल्व्हिननं श्वास घेतला, "तू खुर्चीत बसलास तर तुला बोलता येणार नाही. आणि खाली बसलास तर गास्पार बोलू देणार नाही."

"तसंच."

"छान. मग मी कुठे बसू?"

क्लोव्हिस हसला नाही. म्हणाला, "खुर्चीत मी असलो तर निदान प्रत्येकाला बोलायला मिळेल. नीट ऐकलं तर लोक नीट ठरवतील."

"तुझा फार विश्वास."

"दुसरं काय आहे माझ्याकडे?"

सभेच्या दिवशी सकाळी आठला कारभाऱ्यांची निवड झाली, चिठ्ठ्या टाकून. रेनाल निवडून आला. मी त्यालाच मत दिलं. हे लिहायला हात जड होतो, पण वहीत खोटं लिहायचं नाही असं मी सेंत-ॲनला, मेरी मातेच्या आईला, लहानपणी कबूल केलंय. त्या बर्फाच्या यंत्राची आठवण ठेवून दिलं. मग आम्ही अकराजणी, सेंत-ॲन मंडळाच्या, खाली तळघरातल्या स्वयंपाकघरात गेलो. दुपारचं जेवण आमच्याकडे असतं: भट्टीतल्या बीन्स, हॅम, कोबीचं सॅलड, ॲपल पाय. दरवर्षी वीस ठराव झाले की जेवण, मग उरलेले. सत्ताविसावा दुपारनंतर येणार होता. तोवर आम्ही ॲप्रन सोडून वर बसलेल्या असणार होतो.

सकाळच्या सत्रात कधी हात मोजायची वेळ आली तर रिवाज असा: क्लोव्हिस पितळी घंटा वाजवणार आणि आम्ही वर येईपर्यंत पाच मिनिटं थांबणार. हा रिवाज त्याच्या आधीपासूनचा. त्यानं स्वतः केलेला नियम एकच, आणि तो मात्र लिहिलेला: मोजणी सुरू झाली की दारं बंद, कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. आठ वर्षांपूर्वी शाळेच्या ठरावावर मोजणी चालू असताना माणसं मागच्या दारानं आली, काही दोनदा मोजली गेली, दोन घरं कायमची तुटली. पुढच्या वर्षी क्लोव्हिसनं तो नियम मांडला. एकही हात विरुद्ध गेला नाही. माझाही नाही.

वर काय झालं ते ऑरेलनं सांगितलं, आणि गावची चिटणीस नॉर्मांद हिचं इतिवृत्तही मी नंतर वाचलं. दोन्ही जुळतं.

साडेदहाला नववा ठराव संपला आणि रेनाल उठला. "अध्यक्षमहाराज, सत्ताविसावा आता घ्या. कामाची माणसं बाराला जातात. त्यांना बोलायला मिळू नये म्हणूनच तो एवढा खाली ठेवलाय का?"

"पत्रिका कारभाऱ्यांनी लावलीय, रेनाल."

"म्हणूनच म्हणतो. लोकांना विचारा."

क्लोव्हिसनं विचारलं. लोकांनी हो म्हटलं. यात बेकायदा काही नव्हतं.

वीस मिनिटं बोलणी झाली. कुणीतरी नदीकाठच्या घरांचं काढलं. रेनाल मागे वळून बंबाच्या पोरांकडे बोट करून म्हणाला, "आपली आग आपली माणसं विझवतील. यांच्यावर तुमचा विश्वास नाही? यांच्या तोंडावर सांगा."

पोरं तिथेच बसलेली. कोण सांगणार? ऑरेल उठला. "पोरांवर माझा पूर्ण विश्वास आहे. त्या गाडीवर नाही. गेल्या खेपेला पोरांनी तिला ढकलत नेलं." लोक हसले. रेनालही हसला, मोकळेपणानं, आणि म्हणाला, "ऑरेलकाका, ढकलू! पण आपली आपण ढकलू." टाळ्या पडल्या. ऑरेल सांगतो, टाळ्या पडल्या तेव्हा त्यालाही क्षणभर वाटलं की वाजवाव्यात.

क्लोव्हिस सगळ्यांची नावं घेऊन पाळीपाळीनं बोलू देत होता. त्याच्या खिशात सहा मिनिटांचा तो कागद होता, यंत्रवाल्यानं लिहून दिलेला. खुर्चीत बसून तो त्याला वाचता येत नव्हता.

मग मोजणी. क्लोव्हिसनं घंटा वाजवली आणि घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

"कशासाठी थांबलोय?" रेनालनं विचारलं.

"खालच्या बायका येताहेत."

"हे नियमात कुठे आहे?"

"नियमात नाही. रिवाज आहे."

"रिवाज कुणी केला? लोकांनी मत दिलं होतं त्यावर?"

"नाही."

"म्हणजे एकानं ठरवलं आणि सगळ्यांनी पाळायचं. तेच, बासष्ट सालच्या कागदासारखं. अध्यक्षमहाराज, माणसं कामं सोडून आलीत. ज्यांना मत द्यायचंय ते इथे बसलेत."

"माझा निर्णय असा की पाच मिनिटं थांबायचं."

"मी तुमच्या निर्णयाला हरकत घेतो. सभेला विचारा."

हरकत घेतली की सभेला विचारावंच लागतं. क्लोव्हिसनं विचारलं. मोजायचीही गरज पडली नाही, एवढे हात वर गेले. त्यात वाईट हेतूचे थोडेच असतील. बाकीच्यांना घरी जायचं होतं, आणि सगळे एका आवाजात ओरडत असताना शेजाऱ्याबरोबर हात वर जातोच.

नॉर्मांदनं लिहिलंय: सभेनं अध्यक्षांचा निर्णय फिरवला. अध्यक्ष म्हणाले, मोजणी सुरू, दारं बंद.

खाली आम्ही घंटा ऐकली होती. अकराला दहा कमी. रोझ-एमा म्हणाली, "एवढ्यात कसली घंटा? कुणाचा तरी कोपर लागला असेल." बीन्सची भांडी नुकतीच भट्टीतून निघत होती. मी म्हटलं, "एवढी दोन खाली ठेवते आणि जाऊ. पाच मिनिटं आहेत की." पाच मिनिटं नेहमीच असायची. आम्ही भांडी ठेवली, भट्टी बंद केली, एकीनं हात धुतले. मग बावीस पायऱ्या. तीन मिनिटं लागली असतील, फार तर साडेतीन.

दार बंद होतं. वरच्या अर्ध्या भागात काच आहे, आत तारेची जाळी. आतून दारावर लिओनेल उभा होता. त्याची बायको सेसिल माझ्या शेजारी.

मी काचेवर थाप मारली. लिओनेलनं मान हलवली.

"लिओनेल, उघड," सेसिल म्हणाली.

काचेतून त्याचे ओठ दिसले: मोजणी चालू आहे.

"ते दिसतंय मला! उघड, नाहीतर आज जेवायला बहिणीकडे जा."

त्यानं मान खाली घातली. कान लाल झाले होते.

क्लोव्हिस समोरून रांगारांगांतून येत होता, बोटानं एकेक हात मोजत. चौथ्या रांगेशी त्यानं वर बघितलं आणि आम्ही त्याला दिसलो. अकराजणी, काचेला नाकं लावून. माझ्या हातात भट्टीचे जाड मोजे तसेच होते. मी ते हलवले. काय बावळट दिसले असेन. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी एकदाच पाहिलं होतं, यंत्रवाला सहा मिनिटं म्हणाला तेव्हा. त्याचं बोट हवेत थांबलं. सगळी सभा त्याच्या नजरेमागे वळली आणि आमच्याकडे बघू लागली. रेनालही.

माझ्या मनात मेरी मातेची प्रार्थना सुरू झाली होती आणि तिच्यात मी सरळ सरळ मागत होते: त्याला सांग, उघडा म्हण. फक्त उघडा.

त्यानं मान खाली घातली आणि ती रांग पहिल्यापासून पुन्हा मोजायला घेतली.

एकाहत्तर विरुद्ध सहासष्ट.

पाचाचा फरक, आणि आम्ही अकरा. रोझ-एमा बहुधा त्यांच्याकडे गेली असती, तिचा भाचा रेनालकडे कामाला आहे. तरी दहा.

त्यानंतर आम्ही काय केलं? खाली गेलो आणि एकशे सदतीस माणसांना जेवायला वाढलं. दुसरं काय करणार, अन्न तयार होतं. रेनाल दुसऱ्यांदा ताट घेऊन आला. "बीन्स फक्कड झाल्यात, देल्व्हिनामावशी. रागावू नकोस. जनतेचा कौल आहे."

"आम्ही कोण मग, रेनाल?"

तो खरंच गोंधळला. "तुम्ही? तुम्ही आमच्या आया-मावश्या."

मी त्याला वाढलं. हॅमही घातलं.

संध्याकाळी आल्व्हिनकडे गेले. तिला सगळं कळलं होतं. क्लोव्हिस कोट न काढता खुर्चीत बसला होता.

"दार उघडलं असतंस तर काय झालं असतं?" ती विचारत होती.

"रेनालनं सगळी मोजणी खोटी ठरवली असती. आणि ते बरोबर असतं."

"ठरवू दे की. पुन्हा झाली असती."

"नियम माझा आहे, आल्व्हिन."

"म्हणून तर. तूच मोडायचास."

"मीच मोडला तर मग तो कुणीही मोडेल."

"त्यांनी मोडायचं काय ठेवलंय?" तिला खोकला आला. तो उठला, पाणी दिलं, नळी सरळ केली. मग ती हळूच म्हणाली, "तुझं चुकलं असं मी म्हणत नाहीये. तेच तर वाईट आहे."

पंधरा दिवसांत आम्ही बायकांनी फेरसभेसाठी एकशे चार सह्या गोळा केल्या. कारभाऱ्यांनी अर्ज परत पाठवला. खाली रेनालची सही: जनता बोलली आहे, तिला पुन्हा पुन्हा बोलायला लावणं हा तिचा अपमान आहे. आम्ही जिल्ह्याच्या गावी वकिलीणबाईंकडे गेलो. त्यांनी इतिवृत्त वाचलं आणि म्हणाल्या, "एकच वाट आहे. अध्यक्षांनी प्रतिज्ञेवर लिहून द्यावं की मोजणी गैर होती. अडचण अशी की मोजणी बरोबर होती या कागदाखाली त्यांचीच सही आहे. आणि अख्ख्या जिल्ह्यात त्या सहीवर कुणी शंका घेणार नाही."

सेसिल आणि मी क्लोव्हिसकडे गेलो. सेसिलनं लाडीगोडी लावली, मग रडली, मग भांडली. "तुझ्या बायकोसाठीसुद्धा चार ओळी लिहिणार नाहीस? कसला माणूस आहेस!"

"काय लिहू? त्यांनी मला नियमानं हरवलं. तुमच्यावर अन्याय झाला हे लिहितो. शंभरदा लिहितो. मोजणी गैर होती हे कसं लिहू? ती मी केलीय."

"अन्याय झाला पण गैर झालं नाही? असं असतं का?"

"नसावं," तो म्हणाला. "पण झालंय."

त्याची आणि आमची त्यापुढे बोलायची वाटच संपली. चर्चमध्ये नऊ दिवसांची प्रार्थना मी पुरी केली. सेंत-ॲनला काय मागावं तेच मला ठरवता येईना: त्यानं लिहावं हे, की त्यानं लिहू नये हे. खरं सांगायचं तर दोन्ही मागितलं.

एप्रिलच्या सुरुवातीला करार मोडल्याचं पत्र पलीकडे गेलं. आठवड्यात तिकडून उत्तर आलं, त्यांनी अँब्युलन्सचा करारही संपवला. त्यांच्याकडेही एक रेनाल आहे, त्याचं नाव वेगळं. तो म्हणाला, आमचं पाणी त्यांच्या घरांवर का ओतायचं? फाटकांना नवे हुकूम आले. ओनेझिमनं मला फोन केला, बहिणीला करायची हिंमत नव्हती. "देल्व्हिना, गाडी तयार आहे, माणसं तयार आहेत. फाटक तयार नाही. काल रिकामा बंब नेऊन बघितलं. प्रत्येकाचे कागद, होजपाइपांची यादी, कुऱ्हाडींची यादी. एक्केचाळीस मिनिटं."

"शिपाई ओळखीचा नव्हता?"

"ओळखीचा होता. त्याला लाज वाटत होती. तरी एक्केचाळीस."

आल्व्हिननं कुणाला न विचारता ठरवलं. मे महिन्यात एका सकाळी तिनं मला हाक मारली. पलंगावर बॅग उघडी होती. ती जन्मानं तिकडची, तिला कुणी अडवू शकत नव्हतं. ओनेझिमचं घर बंबाच्या ठाण्यासमोर, तळमजल्यावर खोली. क्लोव्हिस दाराला टेकून उभा होता.

"तूही चल," ती त्याला म्हणाली. एवढ्या दिवसांत ती हे शंभर वेळा म्हणाली असेल.

"तिकडे मला कायम राहता येत नाही. आणि गाव सोडलं की मला निवडता येणार नाही. मग खुर्चीत गास्पार. पुढच्या मार्चला तुम्ही हा ठराव पुन्हा आणाल तेव्हा खुर्चीत कोण पाहिजे?"

"तू असलास तरी बोलणार नाहीसच."

"नाही. पण सगळ्यांसाठी थांबेन. या वेळी रिवाज लिहून घेतलाय, पहिला ठराव तोच मांडणार आहे सेसिल."

"आणि पास झाला नाही तर?"

त्यानं बॅगेचा पट्टा ओढला. म्हणाला, "हे फार भरलंस."

आता तो रोज दुपारी दोनला पुलावरून जातो आणि सहाला परततो. नव्या शिपायांना तो कोण ते माहीत नाही. परवा मी ॲपल पाय घेऊन त्याच्याबरोबर गेले होते.

"भेटीचं कारण?"

"बायको."

"तिचा पत्ता हाच का?"

"तिचा हा. माझा तो."

"विभक्त आहात?"

क्लोव्हिस विचारात पडला. खोटं बोलायचं नाही हे त्याच्या हाडात. आणि खरं काय तेच त्याला सापडेना. मागे गाड्यांचे भोंगे वाजू लागले. शेवटी मीच पुढे वाकून म्हटलं, "अहो, शेहेचाळीस वर्षांचा संसार आहे, सोडा की!" त्यानं सोडलं, पण काहीतरी टिपून घेतलं.

आल्व्हिन खिडकीशी होती. तिथून नदीपलीकडे आमची दोन्ही घरं दिसतात. तिचा श्वास आता बरा चालतोय, गालांवर रंग आहे. "माझे पडदे कुणी उघडत नाही वाटतं," ती म्हणाली. क्लोव्हिस म्हणाला, राहून जातं. मी ॲपल पाय कापला. कुणी फारसा खाल्ला नाही.

साडेपाचला तिनं पुलाकडे बघितलं. "ऊठ आता. रांग वाढतेय."

तो उठला नाही. तिनंच नळी ओढत खुंटीपर्यंत जाऊन त्याची टोपी काढली आणि आणून त्याच्या मांडीवर ठेवली.